परड्यातल्या भाजीला दुकानातली बाटली नको (परसबागेच्या प्रश्नांची उत्तरं)

नवरात्र झालं की परसबागेचे प्रश्न एकदम वाढतात. वेल थकायला लागतात, मिरची आखडते, पहाटे दव आणि दुपारी कडक ऊन, मग माझ्याकडे फोटो यायला सुरुवात होते. फोटोसोबत बऱ्याचदा फवारणीच्या औषधाच्या बाटलीचाही फोटो असतो, साहेब दुकानदाराने हे दिलंय किती मिली टाकू. तर आधीच सांगून टाकतो, घरच्या परड्यासाठी यातलं काहीच टाकू नका. कारण साधं आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलवर प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो, म्हणजे फवारल्यावर इतके दिवस तोडणी नाही. शेतात तुम्ही तोडणीचं वेळापत्रक लावता. परड्यात वहिनी रोज सकाळी चार मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर खुडतात, तिथे प्रतीक्षा काळ कोण पाळणार? कोणीच पाळत नाही, मी तरी पाळलेला बघितला नाही.

पहिला प्रश्न कराडकडच्या एका ताईंचा. परड्यात मिरचीची वीस-पंचवीस रोपं आहेत, पानं आकसली, दुकानदाराने दोन बाटल्या एकत्र करून मारायला सांगितल्या, एकदा मारल्या, फरक नाही, आता डोस वाढवू का.

ताई, डोस वाढवायचा नाही. दुसऱ्यांदा मारायचंही नाही. आधी पान नीट बघा. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पान खाली वळलं, लांबट झालं, शेंड्याची पानं तांबूस कडक झाली तर कोळी. आणि पानं एकदम बारीक, गुच्छ झालेला, झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्यावर जगात औषध नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. तसं झाड उपटा आणि लांब नेऊन पुरा. तिन्हीला एकच बाटली देणारा माणूस तुमची मिरची बघून देत नाही, त्याच्या फळीवर काय पडून आहे ते बघून देतो.

फुलकिडे असतील तर निळे चिकट सापळे, मावा पांढरी माशी असेल तर पिवळे, आणि निंबोळी अर्क. या जूनमध्ये गोळा केलेल्या निंबोळ्या वाळवून ठेवल्या असतील तर कुटून 50 ग्रॅम पावडर फडक्यात बांधायची, लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी दाबून पिळायची, गाळून घ्यायची, चिमूटभर कपड्याचा साबण टाकायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारायचा. संध्याकाळीच. दुपारच्या उन्हात मारला तर पानंही भाजतात आणि अर्काचा जोरही जातो. मारताना पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, किडी तिथेच बसतात, वरून शिंतोडे मारून काही होत नाही.

विकतचं निमतेल आणणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो कारण इथे सगळ्यात जास्त गडबड होते. बाटलीवर 1500 पीपीएम (म्हणजे औषधाची तीव्रता) लिहिलं असेल तर लिटरला 5 मिली. 10000 पीपीएम असेल तर लिटरला 2 मिली, बास. लोक नंबर बघत नाहीत, दोन्हीला टोपणाने मोजतात, मग पानं करपली की म्हणतात निम चालत नाही. टोपण हे माप नाही. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणा, तीवर खूण करून ती फक्त याच कामाला ठेवा. आणि 15 लिटर पंपाचा डोस दुकानदाराने सांगितलेला असतो, तुमच्या हातात असतो लिटरचा स्प्रे, तो डोस त्यात ओतला तर 15 पट झाला की नाही?

आता अजून एक गोष्ट जी या भागात सर्रास होते. घराच्या मागेच ऊस, उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, वारा घराकडे, आणि चार-आठ दिवसात टोमॅटो, वांगी, दुधीची पानं वेडीवाकडी होऊन दोऱ्यासारखी बारीक. दुकानदार सांगतो व्हायरस, आणि व्हायरसवरचं म्हणून औषध देतो. तो व्हायरस नाही, ते तणनाशक आहे. तसंच ज्या पंपाने उसात तणनाशक मारलं तोच विसळून परड्यात निंबोळी मारायची, हे तर अजिबात नको. विसळून टू-फोर-डी जात नाही. परड्याचा स्प्रे वेगळा, त्यावर लाल दोरा बांधा, घरात सगळ्यांना सांगा.

मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाची जुनी बाटली घरात असेल तर आजच बाजूला काढा, भाजीपाल्यावर ते कधीचंच बंद आहे, तरी "थोडं मारलं तर काय होतंय" म्हणणारे भेटतात. लेबलवर लाल त्रिकोण दिसला की ती वस्तू स्वयंपाकघराच्या जवळपासही नको. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसच्यावर शेतकरी शेतमजूर गेले. ती शेतातली गोष्ट होती, मोकळ्या हवेत. तुम्ही तर मोरीच्या भिंतीला लागून फवारताय.

दुसरा प्रश्न एका दादांचा, दुधीची बोटभर फळं पिवळी पडून गळतात, फळधारणेचं टॉनिक आणलंय.

टॉनिक परत करा. मादी फूल ओळखा, त्याच्या मागे बारीक दुधी असतो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्या वेळी नर फूल तोडून पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. दोडक्यालाही संध्याकाळीच. काकडी कारली भोपळा सकाळी. फुलांवर येणारे पतंग आणि मधमाशा कमी झाल्यात आणि त्या कमी झाल्यात तुमच्या फवारणीमुळेच, फुलोऱ्यात असलेल्या वेलावर निंबोळीसुद्धा फुलं वाचवून मारा. फळ वाकडं होऊन टोचल्याची खूण दिसत असेल आणि आत अळ्या असतील तर ती फळमाशी. त्याला वेलवर्गीय भाज्यांचा कामगंध सापळा लावा, त्यात क्यूल्युअरची, म्हणजे वासाने नर माशी ओढणारी गोळी असते, आंब्याचा सापळा इथे चालत नाही, दुकानदार हातात येईल तो देतो म्हणून नाव वाचून घ्या. किडकी फळं खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

पानावर पांढरी भुरी सुरू झाली असेल तर खालची पानं काढा, आंबट ताक एक भाग पाणी दहा भाग करून आठवड्याने दोनदा मारा. गंधक देतील. वेलवर्गीय भाज्यांची पानं गंधकाने भाजतात, उन्हाच्या दिवसात तर नक्कीच. घेऊ नका.

आणि दुधी कापल्यावर चकतीला जीभ लावून बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. कडू लागला तर थुंकायचं आणि अख्खा दुधी फेकायचा. गूळ घालून, मीठ लावून, जास्त शिजवून कडू दुधी खाण्यालायक होत नाही, त्यात विषारी घटक असतो, उलट्या जुलाब होतात, रक्तसुद्धा पडतं. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलीत. घरचं बी वर्षानुवर्षं वापरताना आजूबाजूला रानदुधी असेल तर ही भीती जास्त.

जीवामृताबद्दल तिघांनी विचारलंय, सगळ्यांचं एकच, आठवड्यातून दोनदा बादलीभर घालतो तरी रोपं पिवळी. अहो, एकराला 200 लिटर हे प्रमाण आहे, म्हणजे गुंठ्याला 5 लिटर. तुमचं परडं अर्ध्या गुंठ्याचं, तुम्ही त्यात दर आठवड्याला दोन-दोन बादल्या ओतताय. मुळं सतत ओली राहून गुदमरतात. घरापुरतं 20 लिटर करा, 1 किलो देशी गाईचं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवा, सकाळ संध्याकाळ ढवळा, तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत संपवा. पंधरा दिवसांनी एकदा, अर्ध्या गुंठ्याला अडीच लिटर, पुरे. कुंड्यांना एक तांब्याला दहा तांबे पाणी. उरलं तर आळ्यात ओतू नका, खताच्या ढिगावर टाका. कच्चं शेणही आळ्यात नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मग हुमणीसाठी परत तुम्ही दुकानात जाणार.

आता माझं आवडतं. परड्यात एकच काम करायचं असेल तर आच्छादन करा. मी ज्या ज्या परड्यात जातो तिथे आधी जमीन बघतो, उघडी असेल तर बाकीच्या तक्रारी ऐकायच्या आधीच अर्ध्या कळतात. सोयाबीनची मळणी आत्ताच झालीय, काड बांधावर पडलंय, लोक ते पेटवतात. पेटवू नका, चार पाट्या घरी आणा. कारखाने सुरू झाले की पाचट मिळेल. जमिनीवर चार बोटं ते वीतभर थर द्या, खोडापासून दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा नाहीतर खोड कुजतं. काड मातीत मिसळायचं नाही, वरच ठेवायचं, मिसळलं तर कुजताना जमिनीतलं नत्र तेच ओढतं आणि रोप पिवळं पडतं, मग युरियाची चिमूट, मग मावा, हे चक्र सुरू. वरून दर पंधरा दिवसांनी ते जीवामृत द्या. पाण्याच्या पाळ्या कमी होतात, तण दबतं, गांडुळं स्वतःहून वर येतात, विकत आणावी लागत नाहीत. वाळवी येईल का असं सगळे विचारतात. कोरडं ठेवलं तर येते, ओल ठेवा.

याच्या जोडीला उंचीप्रमाणे लागवड करा. पश्चिमेला शेवगा आणि पपई, दुपारचं ऊन अडतं. शेवगा कमरेएवढा झाला की शेंडा मारायचा, नाहीतर शेंगा पत्र्याच्या वर. मोरीच्या पाण्यावर केळी, आळू, कर्दळ, आधी खडी वाळूच्या चरातून पाणी जाऊ द्या. कोथिंबीर, पुदिना, मुळा, जे कच्चं खाता ते साबणाच्या पाण्यावर नको. टोमॅटो वांग्याच्या कडेने झेंडू. कोथिंबिरीचं बी रगडून, रात्रभर भिजवून टाका. मेथी एकदम टाकू नका, दहा-बारा दिवसांच्या अंतराने वाफा वाफा टाका म्हणजे संक्रांतीपर्यंत ताजी मिळते.

वाळवणाचे प्रश्न बरेच आलेत, ऑक्टोबरचं ऊन चांगलं आहे म्हणून. गवार, सांडगी मिरची, मेथी, शेवग्याचा पाला सगळं करा. पाला सावलीत वाळवा, उन्हात रंग जातो, आणि मोडल्यावर कट्कन तुटेपर्यंत वाळवा, नाहीतर बरणीत बुरशी. बुरशी दिसली की वरचं काढून खालचं वापरायचं नाही, सगळं टाका. पण मुख्य सांगायचं ते असं की औषध मारलेली भाजी वाळवू नका. वाळवताना पाणी जातं, औषध बरंचसं तसंच राहतं, दहा किलो पाल्याचा किलो-दीड किलो होतो आणि तो तुम्ही वर्षभर लेकरांच्या पिठात मिसळता. विकत आणलेली गवार मिरची वाळवून "घरचं" म्हणणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्या. लिंबाच्या लोणच्याला किलोला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ लागतंच, बीपीसाठी मीठ कमी केलं तर लोणचं फ्रिजमध्ये ठेवा आणि थोडं थोडं करा. दुकानातली टिकवायची पावडर घरच्याला लागत नाही.

बी धरायचं असेल तर हायब्रीड पाकिटाच्या झाडाचं धरू नका, पुढच्या वर्षी तसं निघत नाही. देशी वाणाचं धरा, वेलावरचं सुरुवातीचं निरोगी फळ राखा, शेवटचं वाकडं नाही. राखेत घोळून बरणीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 ची पद्मश्री मिळाली ती अशाच देशी बियांसाठी, त्यांनी घरापासूनच सुरुवात केली.

योजनांचं थोडक्यात: बचत गटातल्या ताईंनी उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) पोषण परसबागेसाठी गटाच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावात गटांना मार्गदर्शन करणाऱ्या ताईंना विचारावं. नाडेप (कंपोस्ट खताची टाकी), गांडूळ खत, शोषखड्डा रोजगार हमीतून होतो का ते ग्रामपंचायतीत विचारा आणि मागणी द्या. वाळवण लोणच्याचा धंदा करायचा असेल तर पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, गटातल्या सदस्याला 40 हजारापर्यंत बीज भांडवल, योजना चालू आहे का, मुदत आणि कागदपत्रं तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच खर्च करा. कुठलाही एजंट "परसबाग किट मंजूर करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना पानाची वरची आणि खालची दोन्ही बाजू, पूर्ण झाड आणि बुडाची जमीन असे चार फोटो पाठवा, गेल्या महिनाभरात त्यावर काय काय मारलं ते खरं खरं लिहा. आणि दुकानात जायच्या आधी पाठवा.