गुऱ्हाळात उसाच्या रसाला चुना का लावतात? जास्त झाला तर गूळ काळा का पडतो?

ताजा रस आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.2 ते 5.5. तसाच उकळला तर आम्लामुळे साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, मग ढेप बसत नाही, गूळ चिकट राहतो. चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आम्लारी. ती आम्ल मारते, मळीही (रसातला गाळ, फेस) चांगली वर येते.

थांबायचं 6.0 ते 6.4 ला. पीएच 1 ने वाढला की आम्लता दहापट घटते, म्हणून निवळी थोडी थोडी घालून प्रत्येक वेळी तपासा. पीएच 7 च्या वर गेलात की तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज आम्लारीत तुटून तपकिरी होतात. निपाणी-चिकोडीकडे बाजारात पिवळ्या गुळाला मागणी, तिथे हाच काळपटपणा नडतो. चवही खारट लागते.

लिटमस इथे उपयोगाचा नाही, 6.3 ला रंग नीट ठरत नाही. 5 ते 7 टप्प्याची पीएच पट्टी घ्या आणि नमुना गार करूनच बुडवा.

निवळीसाठी चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे) विरवताना ती पाण्यात थोडी थोडी टाका. कळीवर पाणी ओतलं तर उसळून डोळ्यांत उडते, आणि ती इजा फार वाईट.