चिठ्ठी एका गोळीची, दिली दुसरीच

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले शेतकरी. वडिलांना जुना दमा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर नागपूरच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल लिहून दिलं. इथल्या मेडिकलवाल्यानं 'ते संपलं, हेही त्याच कामाचं' म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं. दोन दिवसांत धाप लागली, यवतमाळला भरती करावं लागलं. दमेकऱ्याला असली गोळी लिहिली म्हणून डॉक्टरवर केस करा, असं नातेवाईक म्हणतात. करू का?

उत्तर : भाऊ, कोर्टाआधी वडिलांची गोळी. रागाच्या भरात हृदयाची औषधं परस्पर बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखं बीटा-ब्लॉकर (हृदयाचा वेग आणि ताण कमी करणारं औषध) एकदम सोडलं तर पुन्हा झटका येऊ शकतो. नागपूरच्या डॉक्टरांना आजच विचारा.

डॉक्टरवरची केस मला टिकणारी दिसत नाही. मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करतं. दम्यात ते अगदी निर्धोक नाही, डोस वाढला की श्वासनलिकांवरही परिणाम होतो. पण झटक्यानंतर फायदा-धोका तोलून, कमी डोसपासून ते देतात. मान्य पद्धतीनं केलेला उपचार म्हणजे हलगर्जी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलं आहे. केसपेपरवर दम्याची नोंद आहे का, तेवढं मात्र पाहा. तुम्ही सांगूनही ती नसेल, तर मला पुन्हा लिहा.

खरा दोष दुकानात आहे. प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिकाही आवळतं, वरून पंपातल्या साल्ब्युटामॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) असरही कमी करतं. दम्यात ते देऊच नये. आणि औषध नियम 1945 मधला नियम 65 स्पष्ट आहे : शेड्यूल एचच्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतल्या) औषधाच्या चिठ्ठीवर दुसरं औषध बदली म्हणून देता येत नाही. 'त्याच कामाचं' हा बचाव तिथं चालत नाही. काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्ट होता की नुसता पोरगा, हेही विचारलं जाईल.

चिठ्ठी, बिल आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी जपून ठेवा. बिल नसेल तर त्या पट्टीचं मोल दुप्पट. तिच्यावरचा बॅच नंबर फेकू नका. यवतमाळच्या दवाखान्याकडे कागदपत्रं लेखी मागा. नियमानुसार 72 तासांत द्यावी लागतात. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. भरपाईसाठी यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत 2 वर्षं. औषधाची किंमत 5 लाखांच्या आतली, म्हणून फी लागत नाही. अर्जदार वडीलच असावेत. तुम्ही त्यांचं अधिकारपत्र घेऊन उभे राहा.