"हातात किती काम आहे?" असं ऑर्डरआधी विचारलं तर राग येईल का?

"पैसे मी देणार, मग त्याच्या डोक्यावर किती काम आहे ते मी कशाला बघू? आणि विचारलंच, तर त्याला अविश्वास वाटणार नाही का?" ऑनलाइन फ्रीलान्सरकडून, म्हणजे नोकरी न करता सुटी कामं घेणाऱ्याकडून, काम करून घेणारी माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात, ती हे दोन्ही प्रश्न बहुतेक एका दमात विचारतात. घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनीही तेच विचारलं होतं. त्यांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

ताई आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. रात्री दोन-तीनदा उठून फोन बघायचा, लेबलाची फाइल आली का ते पाहायचं, नाही म्हटल्यावर छातीत धडधड. प्रेसवाल्याने बजावलं होतं, दसऱ्याच्या आत फाइल द्या, नंतर दिवाळीची गर्दी असते. फ्रीलान्सर शोधून देणाऱ्या एका साइटवर ताईंनी रेटिंग उत्तम आणि "तीन दिवसांत डिलिव्हरी" लिहिलेलं बघून एका डिझायनरला चकली, चिवडा आणि शंकरपाळे अशा तीन लेबलांची ऑर्डर रात्री अकराला देऊन टाकली. त्याच्याशी एक शब्दही बोलणं झालं नव्हतं. मुदत उलटून गेल्यावर फाइल आली. चकलीच्या लेबलावर घटक छापले होते पातळ पोहे, शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता. चिवड्याचा मजकूर चकलीवर! बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख टाकायला जागाच सोडली नव्हती, अन्न परवान्याच्या चौदा आकडी क्रमांकातला एक आकडा गळला होता.

ताईंनी दुरुस्ती मागितली नाही. "आधीच वैतागलेला असेल, अजून चिडला तर?" घरचे म्हणत होते, सरळ भांडा. त्या दोन्हीच्या मध्ये अडकल्या होत्या. सगळ्यात आधी मी त्यांना एवढंच म्हटलं, की दुरुस्ती आजच मागा. कारण अशा साइट्सवर गप्प बसणं म्हणजे काम पसंत असणं असं धरलं जातं. फायव्हर या अशाच साइटवर डिलिव्हरीनंतर साधारण तीन दिवस गिऱ्हाइकाने काहीच कळवलं नाही, तर ऑर्डर आपोआप पूर्ण झाली असं मानतात. माझ्यासमोरच त्यांनी चुका एकाखाली एक लिहून पाठवल्या, रागाचा एक शब्द न घालता. डिझायनरचं उत्तर आलं: "सॉरी मॅम, एकाच वेळी खूप ऑर्डर आल्या, जुनी फाइल कॉपी करताना घटक बदलायचे राहिले." दोन दिवसांत त्याने नीट करून दिलं.

त्याचं पान आम्ही पुन्हा उघडून पाहिलं. बऱ्याच ऑर्डर रांगेत आहेत, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. ताईंना वाटलं होतं, रांग मोठी म्हणजे माणूस चांगला. तसं असेलही. पण त्याच रांगेत आपला नंबर शेवटचा असतो. अपवर्क या दुसऱ्या साइटवर प्रोफाइलमध्ये माणूस आठवड्याला किती तास मोकळा आहे तेही दिसतं. हे वाचायला मिनिट लागतं आणि बहुतेक जण फक्त तारे मोजतात.

आता खरा मुद्दा. माझ्याकडे फ्रीलान्सरही येतात, त्यामुळे मला पलीकडची बाजू ऐकायला मिळते. व्हिडिओ एडिटिंग करणारा एक मुलगा सांगत होता, सकाळी उठलो की रात्रीत ऑर्डर पडलेली असते, मला कुणी विचारलेलंच नसतं. गिऱ्हाइकाने बटण दाबलं, माहिती भरून दिली, की मुदत धावायला लागते. रद्द केली तर त्याचा परिणाम त्याच्या कामगिरीच्या आकड्यावर होतो आणि पुढे नवीन कामं मिळणं कठीण जातं. मग तो रात्र जागवतो किंवा घाईत उरकतो. म्हणजे ऑर्डर पडल्यावर त्याला "नाही" म्हणणं महाग पडतं आणि आधी साधा मेसेज आला तर फुकट असतं. तुम्ही विचारता तेव्हा तुम्ही त्याला नकाराची मोकळीक देत असता. त्या मुलाला राग तर सोडाच, असं विचारणारं गिऱ्हाईक आलं की हायसं वाटतं, असं तो स्वतः म्हणाला.

ताईंना हे पटायला वेळ लागला. त्यांना आयुष्यभर "समोरच्याला अडचणीत टाकू नये" हेच शिकवलेलं, म्हणून त्या विचारायच्या नाहीत, आणि न विचारल्यामुळेच समोरचा अडचणीत यायचा.

उरलेल्या पाच लेबलांसाठी आम्ही मेसेज लिहिला: "नमस्कार. बेसन लाडू, रवा लाडू, करंजी, अनारसे आणि शेव, अशी पाच लेबलं हवी आहेत. मजकूर मी टाइप करून देईन, तपासूनही घेईन. फाइल दसऱ्याच्या चार दिवस आधी हवी. सध्या तुमच्या हातात किती काम आहे? एवढ्या वेळात जमेल का? नसेल जमत तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी व्यवस्था करीन." शेवटचं वाक्य ताईंना काढून टाकायचं होतं, कमीपणा वाटतो म्हणून. मी ते ठेवायला लावलं. त्या वाक्याशिवाय बाकीचं सगळं तगादा वाटतं.

तीन जणांना पाठवलं. एकाचं उत्तर आलंच नाही, त्याला वगळलं. चकली-चिवड्याची लेबलं केलेल्या त्या पहिल्या डिझायनरने लिहिलं, "या पंधरवड्यात नाही जमणार मॅम, विचारलंत हे बरं केलं." तिसरी मुलगी म्हणाली, दोन लेबलं दसऱ्याआधी नक्की, तीन नंतर. ताईंनी विचार केला, अनारसे आणि करंजी तशीही शेवटच्या आठवड्यात जातात, शेवही थांबेल. लाडवांची आधी हवीत. तिला तसं कळवून ऑर्डर दिली आणि लाडवांच्या फाइली ठरल्या दिवशी संध्याकाळी आल्या. प्रेसवाल्याने बाकीच्या तीन लेबलांसाठी मशीनवर वेगळी वेळ द्यायचं कबूल केलं, थोडे जास्त पैसे घेऊन.