रेझिनची पहिली खरेदी: कॉकपिट नको, सीट घ्या

१/४८ प्रमाणातलं मिग-२१ लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल करताय आणि किटमधल्या भागांऐवजी रेझिनचा (साच्यात ओतलेला, वेगळा विकत मिळणारा) अख्खा कॉकपिट मागवायचा विचार असेल, तर जरा थांबा. आधी फक्त केएम-१ इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी) आणि चाकं घ्या. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उघडी ठेवली की नजर सीटवरच जाते आणि ती बसवायला किटची कापाकापी जवळपास करावी लागत नाही. अख्ख्या कॉकपिटसाठी मात्र फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, भिंती आतून कागदासारख्या पातळ होईपर्यंत घासाव्या लागतात. पहिल्याच किटवर तो व्याप कशाला?

भाग आले की कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला, तर रंग मास्किंग टेपबरोबर उचलून येतो. भागाला मागे चिकटलेला ओतीव ठोकळा रेझर सॉने (पातळ, बारीक दातांच्या करवतीने) सावकाश कापा. कटरने तोडायला गेलात तर भागाचाच टवका उडतो. घासकाम ओल्या पॉलिशपेपरवरच आणि तोंडावर चांगला मास्क लावून. रेझिनच्या धुळीच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

किटचं सिमेंट, म्हणजे मॉडेलचा गोंद, किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळवून जोडतं, रेझिनवर ते चालत नाही. सुपरग्लू वापरा, किंवा सीटसाठी इपॉक्सी, म्हणजे ती सरळ करायला वेळ मिळतो. वाकलेला बारीक भाग गरम पाण्यात बुडवून सरळ होतो. पिटो ट्यूब (नाकापुढची बारीक दांडी) मात्र पितळेचीच घ्या.

पुढेमागे रेझिनचा एक्झॉस्ट (इंजिनाचं मागचं तोंड) लावलात तर शेपटी जड होईल. फ्यूजलाज जोडण्याआधीच नाकात शिसं वाढवा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल.