पेटी आधी, धडा मागाहून

पत्र: "करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. मुख्याध्यापकांनी आठवी-नववीला किशोरवयावर चार तासिका घ्यायला सांगितल्यात. दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा भागसुद्धा आमच्याकडे 'घरी वाचून या' म्हणून सुटतो, त्यामुळे घाम फुटलाय. अंदाज घ्यायला मुलांकडून चिठ्ठ्या मागवल्या. एकीत होतं, 'झोपेत धातू जातोय. वस्ताद म्हणत्यात ताकद जाणार. तालीम सोडू काय?' एका मुलीनं मधल्या सुट्टीत विचारलं, 'कुणाला सांगणार नसाल तर एक सांगू?' तेवढ्यात घंटा झाली, ती निघून गेली. पालक समितीतले एक काका म्हणतात, असलं शिकवून पोरं बिघडतील. सुरुवात कुठून करू?" — एक बाई

बाई, सुरुवात त्या मुलीपासून करा. तासिका आठवडाभर पुढे गेल्या तरी काही बिघडत नाही.

उद्याच तिला बाजूला घ्या. दार उघडं असलेली, पण बाहेर आवाज न जाणारी खोली बघा. ती तीच अट पुन्हा घालेल. "नाही सांगणार" असं वचन मात्र देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. म्हणा, "तुला कुणी त्रास देत असेल, तर मदत करणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल. कुणाला आणि कधी, ते आधी तुला सांगेन. वर्गात किंवा स्टाफरूममध्ये चर्चा होणार नाही." मग गप्प बसा. कदाचित पाळी लांबली असेल, कदाचित कुणी चिठ्ठी दिली असेल. पण लैंगिक अत्याचाराचं काही निघालं, तर खोदून विचारू नका. "त्यानं असं केलं का?" असे प्रश्न तर अजिबात नकोत, पुढे जबाबावर त्याचीच सावली पडते. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. संशयित माणूस घरातलाच असू शकतो, म्हणून घरी फोन करण्याआधी थांबा आणि १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर विचारा.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं ही तुमची स्वतःची जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणून ती संपत नाही. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मुलीला धीर द्यायला हेही सांगा, की तिला पोलीस ठाण्यात बसवत नाहीत: जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशाशिवाय.

आता चिठ्ठ्या. तुम्ही त्या मागवल्यात हे फार चांगलं केलंत. आता धड्याचा क्रमही त्यांनाच ठरवू द्या. फक्त पद्धत थोडी घट्ट करा. सगळ्यांना वहीच्या पानाचा सारखाच चतकोर द्या आणि प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच, असा नियम करा. ज्याला प्रश्न नाही त्यानं फळ्यावरची ओळ उतरवायची. नाहीतर कोण लिहितंय हे शेजाऱ्याला दिसतं आणि खरे प्रश्न खिशातच राहतात. चिठ्ठ्यांची पेटी वर्गात उघडू नका; घरी वाचून पुढच्या तासाला उत्तरं द्या. हशा पिकवायला लिहिलेली एखादी येईलच. तिच्यातला शिवीवजा शब्द काढून शिश्न, वृषण, योनी असा पुस्तकातला शब्द घाला आणि गंभीरपणे उत्तर द्या. हसणारे दोन मिनिटांत गप्प होतात. बिननावाच्या चिठ्ठीत धोक्याचं काही दिसलं, तर अक्षर ताडत बसू नका. सगळ्या वर्गाला तुमची भेटायची जागा-वेळ आणि १०९८ सांगा.

त्या पैलवानाला असं उत्तर द्या: 'धातू' म्हणजे वीर्य, ते रक्तापासून आटवून होत नाही. एका वेळी साधारण २ ते ५ मिलिलिटर बाहेर पडतं, म्हणजे जेमतेम चमचाभर. त्यात बहुतेक पाणीच. शुक्राशय आणि पुरस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीतून येणारा द्रव जास्त, शुक्रपेशी अगदी थोड्या, आणि त्या वृषणात सतत तयार होत असतात. झोपेत ते बाहेर पडणं या वयात नेहमीचं आहे. ना उंची खुंटते, ना दम कमी होतो. हस्तमैथुनाबद्दलही हेच. आखाड्यात दम तुटतो तो झोप, खुराक आणि पाणी कमी पडल्यावर. तालीम सोडायची नाही. वस्तादांची मात्र वर्गात टिंगल करू नका. मुलगा तुमच्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतो, आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीच्या नंबरपेक्षा वस्ताद परवडले.

लंगोटावर कसरत करणाऱ्या मुलांचा एक प्रश्न चिठ्ठीतही येत नाही: छातीत दुखरी गाठ येते. साधारण निम्म्या मुलांना ती या वयात येते आणि बहुधा ६ महिने ते २ वर्षांत आपोआप जाते. दुसरी गोष्ट तातडीची. वृषणात एकाएकी जोराची कळ आली, उलटीसारखं झालं, तर तडक कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. वृषण पिळवटून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, आणि साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. लाजेपायी सकाळपर्यंत कळ सोसणारी मुलं तो गमावतात.

मुलं-मुली वेगळी बसवू का, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. पहिल्या तासाला बसवा, प्रश्न मोकळे होतात. पण मजकूर दोघांना एकच. मुलींना हॉलमध्ये नेऊन मुलांना चेंडू देऊन मैदानावर सोडायची आपल्याकडची रीत म्हणजे पुढच्या चिडवाचिडवीची तयारी.

पाळीचा तास प्रयोगशाळेत घ्या. मोजपात्रात ३५ मिलिलिटर लाल रंगाचं पाणी घ्या. अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, सहा-आठ चमचे रक्त जातं, हे डोळ्यांनी दिसलं की 'अंगातलं रक्त संपतं' ही भीती बरीच कमी होते. पॅड उघडून चड्डीवर चिकटवून दाखवा. चिकट बाजू अंगाला लावणाऱ्या मुली असतात. दर ४ ते ६ तासांनी बदलायचं, म्हणजे शाळेच्या वेळेत एकदा तरी. त्यासाठी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि झाकणाची बादली आहे का, हे तासाआधी तपासा. नसेल तर तास घेऊन उपयोग थोडा. सुरुवातीची दोनेक वर्षं चक्र २१ ते ४५ दिवसांत मागेपुढे होतं, त्यात घाबरायचं नाही. पॅड तासा-दोन तासांत भिजत असेल, रक्त ७ दिवसांहून जास्त जात असेल, दुखण्यानं शाळा बुडत असेल किंवा १५ पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टर. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, त्याची वेळ फळ्यावर लिहा.

नववीला प्रेमाचे प्रश्न येतील. उपदेश आखडता घ्या, कायदा स्पष्ट सांगा: १८ वर्षांखाली 'दोघांची मर्जी होती' हे कायदा मानत नाही, मुलगाही गुन्ह्यात अडकतो.

काकांशी वाद नको. तासिकांच्या आधी पालकसभा घ्या, अर्धा तास पुरे. २००७ साली महाराष्ट्रानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा बरेच आक्षेप चित्रांवर होते. म्हणून वापरणार ते तक्ते, पॅड, मोजपात्र सगळं टेबलावर मांडा आणि आक्षेप तिथेच ऐका. चित्र वगळा म्हणाले तर वगळा, माहिती वगळू नका. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणानं मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात असं त्यात आढळलेलं नाही. तेवढं सांगून आईवर्गाला बोलू द्या.

आणि तासिका शनिवारी ठेवू नका. शंका घेऊन मूल रविवारभर घरी बसतं. मंगळवार-बुधवार बरे.