बाबांची पुस्तकं वाचनालयानं परत का दिली?

प्रश्न : आमचे बाबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, वाचनाचा लई नाद. ते गेल्यावर त्यांची साडेतीनशे पुस्तकं चार पोत्यात भरून इथल्या एका वाचनालयात नेऊन दिली, तर त्यांनी चाळीसेक ठेवली आणि बाकीची घेऊन जा म्हणाले. फुकट देतोय तरी नको? फार लागलं मनाला.
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : दादा, लागणारच, बाबांनी पै पै करून घेतलेली पुस्तकं ती. पण आम्ही वाचनालयात काउंटरच्या अलीकडं बसणारे लोक काय बघतो ते सांगते.

पुस्तक हातात आलं की मी ते उभं धरून टेबलावर हळू आपटते. बारीक भुकटी पडली की समजायचं आत कसर, म्हणजे कागद खाणारी कीड आहे, आणि असं एक पुस्तक कपाटात गेलं की शेजारची सगळी पोखरली जातात, म्हणून पोत्यातनं आलेल्या पुस्तकांची आम्हाला भीतीच वाटते. मग एका पानाचा कोपरा दोन-तीनदा पुढं-मागं दुमडायचा, तुटून हातात आला तर कागदाचा जीव गेला. जुन्या स्वस्त कागदात आम्ल असतं, त्यानं कागद ठिसूळ होतो, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहितीच आहे.

कागद चांगला असला तरी आमच्याकडं त्याच कादंबरीच्या दोन प्रती आधीच असतात, आणि दाखल रजिस्टरला नोंद, शिक्का, नंबर, बाइंडिंग, कपाटातली जागा हे सगळं फुकटच्या पुस्तकालाही लागतंच. कायद्याची, टॅक्सची गाईडं तर सरळ बाजूला, कारण 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, जीएसटी 2017 लाच आला, आता जुनं गाईड वाचून कुणी चुकीचा अर्ज केला तर? कन्नड, तेलुगू, उर्दू पुस्तकं मात्र सोलापुरात लगेच नको म्हणू नयेत, त्या भागातले वाचक बघून ठरवावं.

पुढच्या वेळी पोती नेऊ नका, आधी यादी न्या, नाव, लेखक, छापल्याचं साल एवढं पुरे. बाबांच्या नावाचं वेगळं कपाट करा अशी अट घालू नका, विषयवार लावलं तरच पुस्तक वाचकाला सापडतं. आत बाबांच्या नावाची चिठ्ठी लावाल का असं विचारा, ते बहुतेक करतील.

आणि एक, बाबांची ट्रंक उघडलीय का? मिलची स्मरणिका, युनियनची पत्रकं, संपाच्या वेळची हँडबिलं, 1930 ला सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉबद्दल (लष्करी अंमलाबद्दल) कुणी छापलेली आठ-दहा पानांची पुस्तिका, असलं काही सापडलं तर फाटकं असलं तरी टाकू नका. कादंबरी कुठंही मिळते, हे दुसरीकडं मिळेलच असं नाही, आणि इथल्या गिरण्यांचा अभ्यास करणारी पोरं आमच्याकडं नेमकं हेच मागायला येतात, बऱ्याचदा हात हलवत परत जातात. रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी ते एकदा वाचनालयात दाखवाच.