पहिला गोल्फ सेट घेताना

नियमाने बॅगेत 14 क्लब (गोल्फच्या काठ्या) चालतात, म्हणून 14 घ्यायलाच हवेत असं नाही. तुम्ही सुरुवातीला लांबच्या फटक्यासाठी एक हायब्रिड, मधल्या अंतरासाठी 7 आणि 9 नंबरचे आयर्न, वाळूतून बॉल काढायला एक सँड वेज आणि बॉल होलमध्ये ढकलायला पटर एवढंच घ्या. सेकंडहँड घेतलंत तरी काही बिघडत नाही, फक्त ग्रिप, म्हणजे क्लबची रबरी मूठ, हाताने दाबून बघा. रबर कडक, गुळगुळीत झालं असेल तर ते बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. ड्रायव्हरची, म्हणजे सर्वात लांब मारायच्या क्लबची, घाई नको, आणि मोठ्या खेळाडूंचा स्टिफ शाफ्ट (कमी वाकणारा दांडा) तर मुळीच नको. स्विंगचा वेग कमी असताना त्यावर बॉल बहुधा खालून आणि उजवीकडे जातो.

कपड्यांवर फार खर्च करू नका. कॉलरचा टी-शर्ट आणि सॉफ्ट स्पाइकचे बूट पुरतात. पुण्या-मुंबईच्या पावसात मात्र एक जादा ग्लव्ह हवाच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ग्लव्ह डाव्या हातात असतो, आणि तो भिजला की क्लब हातातून फिरतो.

लाँच मॉनिटर, म्हणजे फटक्याचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र, विकत घेण्याआधी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) वापरून बघा. रडारवर चालणाऱ्याला बॉल उडताना दिसावा लागतो. घरात जाळी लावून खेळणार असाल तर कॅमेऱ्याचा बरा. लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायची दुर्बीण) घेतलात तर स्पर्धेत त्याचा स्लोप, म्हणजे चढ-उतार मोजायची सोय, बंद ठेवा. 2019च्या नियमांनुसार अंतर मोजता येतं, चढ-उतार नाही.

असे वाचवलेल्या पैशात कोचचे चार-पाच तास घ्या, आणि तेही सेट घेण्याआधी.